माझ्या नावाचा गुरुवार

सासूबाई : कोपरा घट्ट धरा, मास्तर. चादर आहे ती, चावणार नाही तुम्हाला.

मास्तर : धरलाय. पण आजी, मी खरं म्हणजे कपडे न्यायला आलेलो नाही.

सासूबाई : ते तुम्ही दारात उभे राहिलात तेव्हाच कळलं. हातात पावती नसलेला माणूस लाँड्रीत येतो तो काहीतरी विकायला, नाहीतर काहीतरी सांगायला. आणि आजी म्हणू नका. आजी मला नातवंडं म्हणतात, गिऱ्हाइकं बाई म्हणतात. तुम्ही बाई म्हणा. आता मागे सरका. अजून. पाठ भिंतीला लागेपर्यंत.

मास्तर : मी पुलापलीकडच्या कॉलेजातून आलोय, बाई. ते दोन वर्षांचे अभ्यासक्रम असतात ना, तिथून. तुमच्या सूनबाई आमच्याकडे दात बनवायचं शिकतात.

सासूबाई : ठाऊक आहे. परवानगी मीच दिली. कामाला धक्का न लावता जे काय शिकायचं ते शीक, म्हटलं. ताणा आता. आधी लांबीत घडी, मग रुंदीत. तुम्ही उलटं करताय. कॉलेजात शिकवता ना तुम्ही?

मास्तर : चादरी नाही शिकवत, बाई. दातांचे साचे शिकवतो.

सासूबाई : मग साच्यात बसवा की हिला. हं. अशी. आता बोला, सूनबाईनं काय केलं?

मास्तर : केलं काहीच नाही. त्याचीच काळजी आहे. गेले दोन गुरुवार त्या आल्याच नाहीत. गुरुवारी आमचं प्रात्यक्षिक असतं, मेणावर दात बसवायचे. तिसरा गुरुवार चुकला की तुकडी पुढे निघून जाते. मग नियमानं पुढच्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात.

सासूबाई : बसेल पुढच्या वर्षी.

मास्तर : तसं प्रत्येक जण म्हणतो. परत येताना मी फार थोडे पाहिलेत.

सासूबाई : आणि तिसरा गुरुवार म्हणजे उद्या.

मास्तर : उद्याच. त्या फोन उचलत नाहीत, म्हणून म्हटलं स्वतः जाऊन यावं. एरवी आम्ही कोणाच्या घरी जात नाही. पण तुमचं घर म्हणजे... ओरिएंटेशनला तुम्ही जे बोललात ना, बाई, ते आमच्या स्टाफरूममध्ये अजून निघतं. पहिल्या दिवशीच्या त्या मेळाव्यात. बाई? तुमच्या हातून टोक सुटलं.

सासूबाई : सुटलं नाही, सोडलं. डाग दिसला मला. ही बाजूला ठेवा आणि दुसरी घ्या. तर मी बोलले.

मास्तर : फारच छान बोललात.

सासूबाई : तुम्ही होतात समोर?

मास्तर : नाही ना, तीच तर चुटपुट. मी फाटकावर गाड्या लावून घेत होतो. आत आमच्या प्रमुख बाई होत्या. त्यांनी मग आम्हाला सगळं करून दाखवलं, अगदी तुमच्या आवाजात.

सासूबाई : माझ्या आवाजात. बरं. मग आता तुम्ही मला सांगा. चारचौघांत बोललेलं पुढे जाताना कसं वळण घेतं, काही भरवसा नाही. माझं बोलणं तुमच्यापर्यंत धड पोचलं की नाही ते मला बघू दे. कोपरा सोडू नका. मी काय बोलले?

मास्तर : तुम्हालाच सांगू, तुम्ही काय बोललात ते?

सासूबाई : पहिल्यापासून. मेळावा कशासाठी होता, तिथून.

मास्तर : परीक्षाच घेताय तुम्ही. बरं. पूर्वी आमचा पहिला दिवस म्हणजे प्राचार्यांचं भाषण, इमारतीतून एक चक्कर, ग्रंथालय कुठे, पाणी कुठे, मग चहा-बिस्किटं. मुलं टाळ्या वाजवून घरी जायची. आणि सहामाही संपायच्या आत जवळजवळ निम्मी गळायची.

सासूबाई : अभ्यास झेपत नसेल.

मास्तर : आम्हीही तेच धरून चाललो होतो. मग आमच्या प्रमुख बाई सोडून गेलेल्यांना एकेकाला गाठून विचारायला लागल्या. अभ्यास अवघड होता असं म्हणणारा क्वचित. एकाची पाळी बदलली. एकीच्या वडिलांना सकाळी फिरवून आणायला दुसरं कोणी नव्हतं. एक तर म्हणाला, घरी कोणी जाऊ नको म्हटलं नाही, पण जा असंही कोणी म्हटलं नाही, मग राहिलं. इमारत दाखवून काय उपयोग, बाई? इमारत त्यांना सापडतच होती. घरातून निघणं जमत नव्हतं.

सासूबाई : हं. हिला दोन्हीकडून झटका द्या. एकदम. मी तीन म्हटल्यावर नाही, मी बघितल्यावर.

मास्तर : दिला. तर तेव्हापासून आम्ही पहिल्या दिवशी घरातल्या एका माणसालाही बोलावतो. एकाच छताखाली राहणारं माणूस हवं. त्यानं उठून सगळ्यांसमोर सांगायचं की मी अमुक दिवशी अमुक काम माझ्या अंगावर घेतो. बास, एवढंच. ज्यांच्या घरचं कोणी येतं ती मुलं बहुतेक टिकतात.

सासूबाई : आणि ज्याला घरच नाही?

मास्तर : त्याला एक जुना विद्यार्थी जोडून देतो. सगळ्यांचं सगळं सुटतं असं नाही म्हणत मी. पण फरक पडला. आणि तुम्ही उठलात तेव्हा म्हणे सभागृह जरा पेंगुळलं होतं.

सासूबाई : मी जागं केलं.

मास्तर : पहिलंच वाक्य असं होतं की मी फार कडक बाई आहे. माझ्या दुकानात कपड्यांआधी माणसांना इस्त्री होते.

सासूबाई : असं म्हणाले मी.

मास्तर : हशा पिकला म्हणे.

सासूबाई : पिकणारच. पुढे?

मास्तर : मग तुम्ही म्हणालात, माझं म्हणणं साधं आहे...

सासूबाई : थांबा. 'माझं म्हणणं साधं आहे'? हेच शब्द?

मास्तर : हेच. प्रमुख बाईंनी तर तुमची नक्कलही केली, रागावू नका. चष्मा कपाळावर सरकवलेला आणि तुम्ही तो टेबलावर शोधताय.

सासूबाई : मग प्रश्नच मिटला. मीच होते. पुढे.

मास्तर : तुम्ही म्हणालात, गुरुवारी आमच्याकडे गेस्टहाऊसच्या चादरी येतात, तो दिवस सगळ्यांत वाईट. म्हणून गुरुवार मी घेते. सुनेनं दुपारी दुकानातून निघायचं आणि मागे वळून बघायचं नाही. मग म्हणालात, हे मी आज इथे बोलतेय, उद्या घरी विचाराल तर कानावर हात ठेवीन, चार दिवस कोणाशी बोलणारही नाही. पण चारचौघांत माझ्या नावावर गेलेला शब्द मी आजवर मोडलेला नाही. घरात दिलेला कदाचित मोडला असेल. म्हणून तर बाहेर येऊन बोलतेय.

सासूबाई : कोपऱ्याला कोपरा जुळवा.

मास्तर : बाई, बरोबर आहे ना? की वळण घेतलं कुठे?

सासूबाई : कानामात्रेचाही फरक नाही. घडी संपली, मास्तर. ठेवा ती वरच्या फळीवर. हात बघू. बरे आहेत, शिकवलं तर जमेल तुम्हाला.

मास्तर : मग उद्याचं काय सांगू मी कॉलेजात?

सासूबाई : काही सांगू नका. सांगायचं ते एकदा सांगून झालंय ना? उद्या ती वर्गात दिसेल. या आता. आणि शर्टाची कॉलर कुठे धुता तुम्ही? तिथे देऊ नका पुन्हा.

(मास्तर जातात. मागच्या दाराने सून धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन आत येते.)

सासूबाई : टोपली खाली ठेव, सूनबाई. आणि दाराआडून जेवढं ऐकलंस तेवढं सोडून बाकीचं मला सांग.

सून : मी... सगळंच ऐकलं, आई.

सासूबाई : मग मला फक्त एवढंच सांग, मी तिथे कोणते कपडे घालून गेले होते? कोणी विचारलं तर ठाऊक असावं.

सून : आई, चुकलं माझं. आत्याबाई म्हणाल्या...

सासूबाई : वन्संचं नाव मी घेतलं का अजून?

सून : तुम्ही चष्म्यावरूनच ओळखलंत.

सासूबाई : चष्म्याआधी. 'माझं म्हणणं साधं आहे.' लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ऐकतेय. त्यानंतर जे येतं ते कधी साधं नसतं. आता नीट बस आणि सांग. कॉलेजनं घरचं माणूस मागितलं. घरात मी होते. आंधळी नाही, बहिरी नाही. मला का नाही विचारलंस?

सून : तुम्ही म्हणाला असतात, आपल्या घरातली कामं लोकांपुढे कशाला मांडायची.

सासूबाई : म्हणालेच असते.

सून : आणि यांना नेलं असतं, तर हे उठून काय बोलणार? गाडी घेऊन कपडे पोचवायचे, एवढंच यांच्या हातात. गुरुवार कोणाला द्यायचा ते तुमच्या हातात. तुमच्यावाचून दुसऱ्या कोणाच्या शब्दाला अर्थ नव्हता.

सासूबाई : म्हणून तो न विचारता उचललात. दोघींनी मिळून.

सून : मी आत्याबाईंकडे रडायला गेले होते. सोडून देते म्हणून सांगायला, पहिल्या दिवसाच्या आधीच. त्या म्हणाल्या, तुझ्या सासूला मी ओळखते. तिला आधी विचारलं तर ती नाही म्हणेल आणि मग त्या नाहीला जन्मभर धरून बसेल. आधी होऊन गेलं की ती रागावेल, पण शब्द पडू देणार नाही.

सासूबाई : अगदी असंच म्हणाल्या?

सून : थोडं आणखी होतं. ते सांगत नाही.

सासूबाई : नको सांगू. मला अंदाज आहे. बरं, शब्द दिला. तो तुम्ही मला सांगणार कधी होतात?

सून : आत्याबाई सांगणार होत्या. दर गुरुवारी त्यासाठीच यायच्या. आणि दर वेळी परत जाताना मला खुणेनं म्हणायच्या, आज नाही, आज मूड नाही तिचा.

सासूबाई : थांब जरा. दर गुरुवारी.

सून : हो.

सासूबाई : घरी करमत नाही म्हणून येते, असं सांगत होत्या मला. वाटलं, चौकशा करायला येतात. दुकान त्यांच्या वडिलांचं, म्हणून अजून नजर ठेवतात. मी म्हटलं, आलाच आहात तर चादरीचं टोक धरा. आणि त्या मुकाट्यानं धरायच्या. वन्सं आणि मुकाट्यानं! मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

सून : त्यांनी टोक धरलं की मी मागच्या दारानं निघायचे.

सासूबाई : म्हणजे माझ्या नावावर गुरुवार घेतला त्यांनी, आणि पाळत होत्याही त्याच.

सून : त्यांचा गुडघा दुखतो, आई. पुलावरून चालत यायच्या.

सासूबाई : गुडघ्याचं मला कोणी सांगितलं नाही.

सून : तुम्हाला सांगू नको म्हणाल्या. म्हणाल्या, तिला कळलं तर ती मला खुर्चीवर बसवेल आणि सगळं एकटीनं करेल, मग तू जाणार नाहीस.

सासूबाई : या बाईला माझ्याबद्दल एवढं ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

सून : मग तो गुरुवार झाला.

सासूबाई : कुठला गुरुवार ते मला सांगायची गरज नाही. त्यांनी आडवी घडी घातली. मी आधी एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं. मग म्हटलं, वन्सं, तुमच्या हातची घडी माझ्या दुकानातून बाहेर जाणार नाही. गिऱ्हाईक उभं होतं समोर.

सून : गिऱ्हाइकासमोर, आई?

सासूबाई : समोरच. त्यांनी पिशवी उचलली आणि निघाल्या. मला बरं वाटलं होतं, खरं सांगते. एकदा तरी शेवटचा शब्द माझा झाला म्हणून. आणि त्या गेल्या तेव्हा तू?

सून : मी तेव्हा वर्गात होते. संध्याकाळी आले तर तुम्ही एकट्या होतात. अर्धा ढीग तसाच. तुम्ही काही म्हणाला नाहीत, पण खांदा धरून बसला होतात.

सासूबाई : खांद्याचं तुला कोणी विचारलं नाही.

सून : मग पुढच्या गुरुवारी माझा पाय निघेना. तुम्हाला ढिगात एकटीला सोडून मी कुठे दात बसवत बसू?

सासूबाई : दोन गुरुवार इथे माझ्या समोर चादरीचं टोक धरून उभी होतीस. मी एका शब्दानं विचारलं नाही, आज कॉलेज नाही का म्हणून.

सून : तुम्ही कामात होतात.

सासूबाई : माझी चूक झाकू नकोस. डाग आहे तो, दिसू दे. एक खरं सांग. मास्तर म्हणतात म्हणून नाही, वन्संनी शब्द दिला म्हणूनही नाही. तुला ते शिकायचंय का?

सून : कसं सांगू, आई. पहिल्या प्रात्यक्षिकाला मी मेणावर सगळे दात एका ओळीत बसवले. अगदी सरळ, आपल्या फळीवर गठ्ठे लावतो तसे. मला वाटलं, सर खूश होतील. ते म्हणाले, हे खोटे दिसतात. कोणाचेच दात असे नसतात. एक जरासा आत घ्या, एक किंचित वळवा, म्हणजे तोंडात गेल्यावर ते माणसाचे होतील. मी एक वळवला. आणि खरंच, मेणाचा नुसता तुकडा तो, पण कोणीतरी हसतंय असं वाटलं. त्या दिवशी घरी येताना पूल कधी संपला कळलं नाही मला.

सासूबाई : माझी कवळी अगदी सरळ ओळीची आहे. म्हणून मला हसता येत नाही, असं म्हणायचंय का तुला?

सून : नाही, आई. त्याला कवळी कारण नाही.

सासूबाई : जीभ फारच धारदार झालीय. कॉलेजनं एवढं तरी शिकवलं म्हणायचं. हसू नकोस. हस, हरकत नाही, पण ऐक. उद्या दुपारी तू निघायचंस. मागच्या दारानं नाही, पुढच्या दारानं, माझ्यादेखत. आणि वळून बघायचं नाही. तसं मी सभागृहात सांगितलेलं आहे.

सून : पण ते तुम्ही सांगितलं नव्हतं, आई.

सासूबाई : माझ्या नावानं सांगितलं गेलं, सगळ्यांनी ऐकलं, टाळ्याही वाजवल्या असतील. आता ते कोणी सांगितलं हा आमच्या दोघींमधला प्रश्न. तुझा नाही, कॉलेजचा तर नाहीच. मी मास्तरांना 'मीच होते' म्हटलं ना? मी खोटं बोलत नाही. तेव्हा ते आता खरं करावं लागणार.

सून : चादरींना दोन माणसं लागतात.

सासूबाई : अजून आकडे येतात मला. लाव त्यांना फोन.

सून : कोणाला? आत्याबाईंना? तुम्ही बोलणार?

सासूबाई : तू लाव. आधी तू बोलू नकोस, नाहीतर अर्धा वेळ तुमची कुजबुज चालेल. सरळ माझ्याकडे दे.

सून : लावते. पण आई, एक राहिलंय. सरांच्या लक्षात आलं नाही वाटतं सांगायचं. प्रमुख बाईंनी पुढच्या वर्षीच्या नव्या मुलांसाठी तुम्हाला पुन्हा बोलावलंय. घरच्यांसमोर बोलायला. मी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

सासूबाई : मला बोलावलंय.

सून : हो. म्हणजे... त्यांना.

सासूबाई : कळलं मला. वाजतोय का?

सून : वाजतोय. उचलला. घ्या.

सासूबाई : वन्सं, मी बोलतेय... हो, मीच. या वेळी खरी... तुमचा गुडघा कसा आहे?... मला कळलं कुठून ते नंतर. उद्या गुरुवार आहे... विनंती नाही करत मी, आठवण करून देतेय. गाडी पाठवते, चालत यायचं नाही... आलं की पहिलं खुर्चीवर बसायचं. नंतर आपण दोघी बघू... हो, मास्तर आले होते. सगळं म्हणून दाखवलं त्यांनी मला... नाही, रागावले नाही. म्हणजे रागावले आहे, पण ते उद्या. आज वेळ नाही... सूनबाई, इस्त्री बंद कर, वास येतोय... तुम्हाला नाही, तिला म्हटलं. ऐका. कॉलेजनं पुढच्या वर्षी मला पुन्हा बोलावलंय. तुम्ही जायचं... माझ्याच नावानं, दुसऱ्या कोणाच्या? तिथे आता मी तुमच्यासारखी दिसते, त्याला माझा इलाज नाही... येणार की, मीही येणार. मास्तर फाटकावर असतात, त्यांना मी दिसेन. आतल्या बाईंना तुम्ही दिसाल. दोघांचंही समाधान... नाही, व्यासपीठावर नाही. मागच्या रांगेत बसेन, कोणाला ओळख देणार नाही... कशाला म्हणजे काय, वन्सं? मी काय बोलते, ते मला एकदा ऐकायचंय.